ट्रेल हातात असताना

कोरपना तालुक्यातलं घंटेचं ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. नव्वदच्या दशकात मी तिथे ठाणेदार होतो. जुगाराच्या अड्ड्यांवर धाडी घालता घालता तीन पत्तीतले बारकावे मला पाठ झाले होते. दिवाळीत घरी खेळायचो तेव्हा मात्र बायकोच जिंकायची.

एका सकाळी जंगलातल्या गोंड वस्तीचा भुमका, म्हणजे त्यांचा पुजारी, तक्रार घेऊन आला. देवाची पितळी घंटा चोरीला गेली होती आणि जत्रा तोंडावर आली होती.

"घंटा नाई भेटली त देव उठत नाई साहेब. मंग मी कायचा भुमका?" असं म्हणून तो रडू लागला. फिर्याद लिहून घेताना त्याने आणखी एक सांगितलं, "जत्रेबिगर तिनं बोलाचं नाई, म्हनून तिची जीभ आमी काढून ठेवतो. ते माह्याजवळच हाये." म्हणजे घंटेचा लोलक त्याच्या घरी सुरक्षित होता. बाहेरच्यांनी ती घंटा जत्रेत वाजतानाच ऐकलेली. ही बाब मी हवालदाराशिवाय कुणाला कळू दिली नाही.

दुपारी खबऱ्याने माहिती दिली. आमच्या नेहमीच्या जुगाऱ्यांपैकी एक जण जड पोतं घेऊन त्या गावाच्या वाटेने येताना दिसला होता. त्याला ठाण्यात आणलं.

"साहेब, पोत्याचं नाव काढा, बोलते पटापट," हवालदार म्हणाला. मी त्याला थांबवलं. पोत्याचं नाव काढताच गड्याने पत्ते टाकले असते, तोंड मिटून घेतलं असतं आणि तोवर घंटा भट्टीत गेली असती. समोरचा कच्चा दिसला की चाल वाढवायची, ही याची खोड मला ठाऊक होती. अशा माणसापुढे तीन एक्क्यांची ट्रेल हातात असली तरी साधीच चाल टाकावी.

मी चहा मागवला. "उगाच बोलावलं बाबा तुला. त्या गावात कधी गेलायस का तू?"

"मले त वाट बी ठाऊक नाई."

"तेच म्हणतो मी. जुनी घंटा, कोण चोरणार?"

तो पाय पसरून बसला. "आन् जे घंटा वाजतच नाई, ते कोन कायले नेईन साहेब!"

हवालदाराने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी निवांत चहात बिस्किट बुडवलं.

"खरंय. नेली तरी विकणार कुठे?"

"घेते ना! गडचांदूरच्या रोडवर भंगारवाला हाये. पन बाजाराचा दिस झाल्याबिगर तो पितळ गाळत नाई."

मग मात्र पत्ते उघडले. "ती वाजत नाही, हे तुला कुणी सांगितलं?" त्याचा कप हातातच राहिला.

पंचांसमक्ष भंगाराच्या ढिगातून घंटा जप्त केली. ती अख्खी पाहून मला फार बरं वाटलं. पण मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही. इथे दम धरून चालणार नव्हतं. घंटा भुमकाच्या ताब्यात देण्याच्या सुपुर्दनाम्यासाठी मी स्वतः कोर्टात खेटे घातले. चोराला हवा तेवढा वेळ द्यावा, ज्याचं गेलंय त्याला ताटकळत ठेवू नये, हे मी त्या धावपळीत शिकलो.

जत्रेच्या तोंडावर भुमका घंटा न्यायला आला. हवालदार म्हणाला, "वाजवून त दाखव भाऊ!"

"इथी नाई," भुमका हसला. "आयकाची असन त गावात या."

पहाऱ्यापुरता एक शिपाई ठेवून आम्ही सगळं ठाणं जत्रेला गेलो.