रिक्षा भरेपर्यंत

आमच्या भागात भाताची कापणी उरकली की मोकळ्या शेतांवर ट्रॉफ्या उगवतात. शाळकरी पोराच्या उंचीच्या ट्रॉफ्या, मागे भावी सरपंच, भावी सभापती आणि इतर अनेक भाव्यांचे बॅनर, आणि मधोमध टेनिसच्या बॉलवर षटकार मारायला निघालेली सुटलेली पोटं. पाहुणा आला की बॉलर रनअपमध्येच थांबतो, शाल-श्रीफळ उरकतं, मग तो मागे जाऊन पुन्हा धावत येतो. हे सगळं यूट्यूबवर लाइव्ह जातं, आणि ज्यांचं आयुष्य याहूनही रिकामं आहे असे लोक ते बघतात.

मी या प्रकाराला अत्यंत तुच्छ समजायचो आणि बघायला रोज जायचो.

तेव्हा मी पालघरच्या कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. राहायला चिंचणीत. चिंचणीहून बोईसरपर्यंत शेअर रिक्षा, बोईसरहून पालघरला ट्रेन, स्टेशनवरून पायपीट, आणि कॉलेजात पोहोचल्यावर कळायचं की सर आलेले नाहीत. मग कँटीनमध्ये एका चहावर दुपार काढायची आणि आल्या मार्गाने परत. एवढा प्रवास करून जे शिक्षण मी घेतलं ते घरी पलंगावर लोळूनही घेता आलं असतं. अर्थशास्त्रात राहिलेली केटी दोनदा परीक्षेला बसूनही सुटली नव्हती. बाबा एमआयडीसीत फिटर. सांगलीकडून इकडे येऊन उमेदीची सगळी वर्षं केमिकलच्या वासात काढलेले. ते कमी बोलत. एवढंच म्हणाले होते, "या वेळी राहिली तर माझ्याबरोबर कंपनीत. हेल्पर म्हणून."

अभ्यासाला तीन आठवडे होते. ते मी मैदानावर घालवले.

फायनलच्या दिवशी नेहमीच्या कॉमेंटेटरचा घसा बसला. आयोजकाने माझ्या हातात माइक दिला. "तू घाटावरचा ना? तुमची भाषा चांगली असते. बोल जरा." माझी भाषा चांगली आहे असं मराठीच्या बाईंनीही कधी म्हटलं नव्हतं. मी फुगलो.

आमच्या गावचा कप्तान म्हणजे मी रोज ज्याच्या रिक्षात बसायचो तोच ड्रायव्हर. गडी मारायचा जोरात, पण पळायचं म्हटलं की विचारात पडायचा. शेवटच्या बॉलवर दोन धावा हव्या होत्या. त्याने बॉल टोलवला, अर्ध्या पिचपर्यंत आला आणि थबकला. मी माइकमध्ये म्हणालो, "कप्तान साहेब थांबलेत, मंडळी. त्यांची सवयच आहे. पॅसेंजर भरल्याशिवाय ते हलत नाहीत."

सगळं मैदान हसलं. अंपायर हसला. कप्तानाने वळून कॉमेंट्रीच्या मंडपाकडे बघितलं, आणि तेवढ्यात स्टंप उडाले. मॅच गेली. माझी क्लिप मात्र संध्याकाळपर्यंत रिक्षा स्टँडवरच्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचली. माझं एखादं बोलणं लोकांनी शेवटपर्यंत ऐकण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर मला कोणी शिवी दिली नाही. मी जवळ गेलो की फक्त "भरली" म्हणायचे. आत रिकामी सीट दिसत असायची, तरी भरली. मी एसटीने जाऊ लागलो. म्हटलं, या अडाणी लोकांच्या नादी कोण लागतो.

पेपरच्या सकाळी एसटी आली नाही.

स्टँडवर एकच रिक्षा उभी होती, त्याचीच. तो हँडलवर पाय टाकून बसला होता. "बस की," म्हणाला. "पेपर हाय ना आज?" आवाज इतका मऊ की मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. मी आत बसलो. तो हलेना.

"दादा, चला ना."

"भरू दे."

"उशीर होतोय. गाडी चुकली तर पेपर गेला माझा."

"आमी पॅसेंजर भरल्याशिवाय हलत नाय. तूच सांगितलास ना सगल्यांना."

"सगळ्या सीटचं भाडं मी देतो."

"भाडं नको. मानसं पायजेत."

मी खाली उतरलो आणि चिंचणी नाक्यावर उभा राहून ओरडू लागलो, "बोईसर, बोईसर, स्टेशन!" पानाच्या टपरीवरून एकाने विचारलं, "माइक आनू काय?"

मासळीची टोपली घेऊन एक मावशी उभ्या होत्या. "मना डहानूला जायाचाय," त्या म्हणाल्या. मी त्यांना बोईसरहून ट्रेनने डहाणू कसं लवकर येतं ते समजावलं. "आनि टोपली कोन उचलल, तुजा बापूस?" टोपली मीच उचलली. बर्फाचं पाणी कॉलरमधून आत गेलं. मग पाळीला निघालेले दोन कामगार आले. त्यांतल्या एकाने मला वरपासून खालपर्यंत बघून ड्रायव्हरला विचारलं, "नया हेल्पर रखा है क्या?" तो शब्द त्या सकाळी कानाला बरा वाटला नाही. शेवटी बँकेत निघालेल्या एका आजोबांना मी हाताला धरून आणलं, सन्मानाने बसवलं, आणि मग लक्षात आलं की ती माझी सीट होती.

"भरली," ड्रायव्हर म्हणाला आणि इंजिन चालू केलं.

मी रस्त्यात उभा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या सीटवर जरा सरकला. "ये हिकडं. अर्धा भायेर रावशील, पन पोचशील."

त्याने रिक्षा अशी हाणली की मागे मावशी देवाचं नाव घेऊ लागल्या. टँकर दिसला की गल्लीत, गल्ली तुंबली की कंपन्यांच्या भिंतीमागून. आणि मी, अर्धा बाहेर लटकलेला, मनात म्हणत होतो की एखादा टँकर आडवा येऊ दे. गाडी चुकली असती तर सगळं याच्या माथी मारता आलं असतं. रिक्षावाल्याने सूड उगवला, पोराचं वर्ष गेलं. बाबांनाही पटलं असतं. पण त्या माणसाला रिक्षात असताना नेमकं पळता यायचं. आम्ही बोईसरला पोहोचलो तेव्हा ट्रेन फलाटाला लागत होती.

"जा," तो म्हणाला. "नीट लिव."

वेळेवर पोहोचलो. शेजारच्या बाकावरच्या मुलीने वास घेऊन खिडकीकडे सरकून घेतलं. प्रश्नपत्रिका वाचली, तिच्यात ओळखीचं म्हणावं असं फक्त विषयाचं नाव होतं. पुरवण्या मागणाऱ्या पोरांकडे मी तुच्छतेने बघत बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी रिक्षावाल्यांच्या अरेरावीवर चांगलं भाषण तयार केलं. घरी आलो तर बाबा जेवायला बसले होते.

"तो रिक्षावाला भेटला नाक्यावर. म्हणाला, काका, तुमच्या पोराला टायमात पोचवला."

"हो."

"कसा गेला?"

माइक हातात असला की मला कोणी थांबवू शकत नसे. आता मी आमटीतला कढीपत्ता बाजूला काढत राहिलो. बाबांनी माझ्या ताटाकडे बघितलं, मग आईला म्हणाले, "सोमवारपासून दोन डबे भर."

"अहो, निकाल तरी लागू दे," आई म्हणाली.

"लागला की," बाबा म्हणाले आणि भात मागून घेतला.