मांडीवरची पेट्रोलची कॅन

मैत्रिणींनो, आजचीच गोष्ट लिहिते.

आज सकाळी फवारणीच्या मशीनसाठी पेट्रोल आणायला घनसावंगीला गेल्तो. गाडीवर पुढं टाकीवर आमची पोरगी परी, मंग हे, मागं मी. मांडीवर रिकामी कॅन.

पंपावर हे म्हणले, "उतरू नको, मांडीवरच भरून घे. जल्दी होईल."

पंपावाल्यानं नळी जवळ आणली अन् माझ्या बोटाला चटका बसला. थंडीत नायलॉनची साडी सोडताना चटचट ठिणग्या उडतात, तसा. पेट्रोल सुटलं नव्हतं म्हणून वाचलो.

मी उतरले. परीला यांच्यासंगं पंपापासून लांब उभं केलं. तो करंट जमिनीत उतरावा म्हणून कॅन जमिनीवर ठेवली, नळी कॅनच्या तोंडाला टेकवूनच भरायला लावली.

हे चिडले, "एवढं काय झालं?"

तुम्हीबी कॅन मांडीवरच धरता ना? माझ्या त्याच मांडीवर आता परी झोपलीय.