एफ्राइमचा एकतीस वर्षांचा बाप

एफ्राइम बहात्तर वर्षांचा आहे आणि त्याचा बाप एकतीस. हा बाप शेजारच्या येरेमियासची मुलगी आहे, तिच्या गोठ्यात दोनशे मेंढ्या आहेत आणि ट्रॅक्टर ती एफ्राइमपेक्षा बरा चालवते. यात कुअन्नित वस्तीत कोणाला काही वावगं वाटत नाही. एफ्राइमचा खरा बाप, म्हातारा पाविया, एकतीस वर्षांपूर्वी शरदात वारला, त्याच हिवाळ्यात येरेमियासला मुलगी झाली, तिला पावियाचं नाव दिलं. नाव बाईचं की पुरुषाचं हे दक्षिण ग्रीनलंडमध्ये फारसं कोणी बघत नाही. ज्याचं नाव, त्याचं नातं. बारशाला एक्केचाळीस वर्षांचा एफ्राइम टोपी काढून पाळण्याशी उभा राहिला, "आलात का बाबा?" म्हणाला, आणि म्हाताऱ्याचा लोकर कातरायचा चाकू त्याने पोरीच्या उशाशी ठेवला. येरेमियासने तो पुढची पंधरा वर्षं फळीवर उंच ठेवला.

या नात्याने येरेमियासचं मात्र चांगलंच फावलं. एफ्राइमहून चार वर्षांनी लहान असूनही तो एका दिवसात त्याचा आजोबा झाला. अजून दारातून आत येताना तो म्हणतो, "आजोबा आलेत. खुर्ची द्या."

एफ्राइम तसा सरळ माणूस. हट्टी आहे, पण कपटी नाही. मेंढ्या नावानिशी ओळखतो, देवळात पुढच्या बाकावर बसतो आणि झोपतो. एकच गोष्ट त्याच्या मनात काट्यासारखी राहिली आहे, ती त्याच्या एकोणिसाव्या वर्षातली. मार्च महिना होता. पलीकडच्या किनाऱ्यावरून गवत आणायचं होतं, तेव्हा गोठलेली खाडी हाच रस्ता. बाप दारात उभा राहून म्हणाला, "आज नको." एफ्राइम हसला आणि कायोकला घसरगाडीला जुंपून निघाला. कायोक म्हणजे घरचा तांबडा घोडा. काळ्या खडकाच्या टोकाशी बर्फ फुटला. एफ्राइम पोटावर पडून किती वेळ लगामाचा दोर धरून राहिला ते त्यालाही सांगता येत नाही. संध्याकाळी तो ओला दोर घेऊन चालत घरी आला. बापाने दोर हातातून घेतला, चुलीजवळच्या खुंटीला वाळत घातला आणि म्हणाला, "जेवून घे."

बस्स. त्यानंतर बाप बावीस वर्षं जगला, पण घोड्याचा विषय त्याने कधी काढला नाही. एफ्राइम वाट बघत राहिला. "चार शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो," तो बायकोला, आमालीला, एकदाच म्हणाला होता.

यंदाचा मार्च आला तो आदल्या उन्हाळ्याची तूट घेऊन. पाऊस पडलाच नव्हता. घराजवळचं गवत संपलं, पलीकडच्या शेतात चौदा गठ्ठे उरले, आणि मेंढ्या व्यायला पाच आठवडे. बर्फामुळे होडी चालत नव्हती. आमालीच्या वाढदिवसाच्या कॉफीला सगळे जमले आणि पहिल्या कपालाच बोलण्याची गाडी मोठ्या बर्फावर आली.

मोठा बर्फ म्हणजे ध्रुवाकडचा. तो पूर्व किनाऱ्याने वाहत येतो, दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून वसंतात खाडीच्या तोंडाशी येतो आणि धुकं आणतो. कुरणं ते धुकं पितात, असं इथले लोक मानतात.

"तिकडे उत्तरेतच उरला नाही, तर आपल्याकडे येणार कुठून?" येरेमियास केक तोडत म्हणाला. "म्हणून तर गवत वाळतंय."

"माझ्या बाबांच्या तरुणपणी गेलाच होता की," एफ्राइम म्हणाला. "खाडीत कॉड मासा आला, सगळे म्हणाले, संपला हिवाळा. मग मी पोरगा असताना असा परतला की निम्मा कळप गारठून मेला. बर्फ जातो, येतो. पाहुणा आहे तो."

"पाहुणा दरवर्षी उशिरा यायला लागला आणि लवकर जायला लागला, की ओळखावं."

"काय ओळखावं? गेल्या वर्षी वाढला, असं तूच फोनमधून वाचून दाखवलंस."

"त्याच्या आदल्या वर्षापेक्षा वाढला! आजारातून उठल्यावर तुझंही वजन वाढलं होतं. म्हणून काय तू तरुण झालास?"

आमाली हसली, तेव्हा एफ्राइमने पाठिंब्यासाठी पावियाकडे पाहिलं. "बाबा, तुम्हीच सांगा याला. तुमच्याच काळातलं बोलतोय मी."

"मला कुठलं आठवायला, एफ्राइमकाका," पाविया म्हणाली. लहानपणी ती त्याला 'पोरा' म्हणायची, तशी रीतच आहे. आइसलंडला मेंढीपालन शिकून आल्यावर तिला त्याची लाज वाटू लागली आणि काका सुरू झालं. एफ्राइमने मात्र 'बाबा' सोडलं नाही. "पण एका वर्षावरून भांडू नका दोघं. एक मेंढी तोलून कळपाची तब्येत कळते का? तीस-चाळीस वर्षांचं बघा. कमीच होत चाललाय."

"बापच फितूर," एफ्राइम म्हणाला. मग कप खाली ठेवत म्हणाला, "ते असू दे. उद्या मी ट्रॅक्टर घालतोय पलीकडे. गवत आणायला."



"नका घालू," पाविया म्हणाली. "शनिवारी मी भोकं पाडून बघितलीत. मध्ये वीतभर आहे. काळ्या खडकाशी माझ्या पंज्याच्या रुंदीइतका. खालून प्रवाह खातोय. माणूस जाईल, ट्रॅक्टर नाही."

"मीही काठी मारून बघितलाय. हातभर आहे."

"किनाऱ्याला!"

"ध्रुवावर कमी झाला म्हणून माझ्या दारातही कमी झालाच पाहिजे का?"

इथेच सगळं घोडं अडलं होतं. दारातला बर्फ पातळ म्हटला की येरेमियासचं खरं ठरत होतं, आणि त्या गोष्टीसाठी एफ्राइम चार टनांचा ट्रॅक्टर पणाला लावायला निघाला होता. ट्रॅक्टरवर तो स्वतः बसणार होता, हे त्याच्या हिशोबात कुठे दिसत नव्हतं.  पन्नास वर्षांच्या संसारात आमालीला एवढं कळलं होतं, की आपण नाही म्हटलं तर तो पहाटेच निघेल.

सकाळी ट्रॅक्टर सुरू झाल्याचं ऐकून तिने येरेमियासच्या घरी फोन केला. फोन येरेमियासने उचलला. "मी येऊन उपयोग नाही," तो म्हणाला. "मला बघून तो दुप्पट वेगाने जाईल. पोरीला पाठवतो."

पाविया धावत आली तेव्हा पुढची चाकं किनारा आणि बर्फ यांच्यामधल्या भेगेपाशी होती. ती समोर उभी राहिली.

"एफ्राइमकाका, बंद करा."

"बाबा, बाजूला व्हा. मेंढ्या उपाशी आहेत."

"काका, मी हात जोडते."

"अहो, व्हा की बाजूला!" त्याने इंजिनाचा आवाज वाढवला.

ती हलली नाही. धापा टाकत होती, टोपी घाईत घरीच राहिली होती. मग ती एकदम शांत आवाजात म्हणाली, "पोरा. आज नको. मी नको म्हणतोय."

तिकडच्या भाषेत म्हणतो आणि म्हणते असा भेद नसतो, दोन्ही एकच. मराठीत सांगताना मला एक निवडावं लागतं, आणि त्या सकाळी तिच्या तोंडून जे निघालं त्याला 'म्हणते' लिहिणं खोटं होईल. एफ्राइमला विचारलंत तर तोही हेच सांगेल.

इंजिन थोडा वेळ घरघरत राहिलं. मग त्याने किल्ली फिरवली. उतरायला त्याला बराच वेळ लागला.

"मग गवताचं काय?" त्याने विचारलं.

"हाताने ओढू."

चौदा गठ्ठे पलीकडेच फोडले आणि वस्तीतल्या अकरा माणसांनी हाताने ओढायच्या घसरगाड्यांवर थोडं थोडं करून पाच दिवस ओढून आणले. बर्फावर भार एकवटू नये म्हणून प्रत्येकाने पुढच्यापासून दहा पावलं मागे राहायचं, असं ठरलं होतं. त्यामुळे ध्रुवावरच्या बर्फाचा वाद सगळ्यांना ओरडून करावा लागला, आणि त्यात काही निकाल लागला नाही. येरेमियास म्हणाला, "ट्रॅक्टर का थांबवलास ते तरी कबूल कर." एफ्राइम ओरडला, "बर्फासाठी नाही थांबवला!" आणि ते खरंच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी काळ्या खडकाच्या टोकाशी एफ्राइम थांबला. पायाखाली बर्फ काळसर होता, खाली पाणी सरकताना दिसत होतं. मागे दहा पावलांवर पाविया थांबली.

"दमलात का?" तिने विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. "बाबा," तो म्हणाला. मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणून आवाज फाटला. "तेव्हा मला रागावला का नाहीत?"

कायोकची गोष्ट वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती, पावियालाही. मला काय माहीत काका, असं ती म्हणू शकली असती. तिने दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. पुढे येरेमियास लांब जात होता.

"घोडा गेला," ती म्हणाली. "तू आलास ना घरी."

 एफ्राइमने हातमोज्याने तोंड पुसलं.

"हो बाबा," तो म्हणाला, आणि दोर खांद्यावर घेतला.