विमानाची उजवी बाजू

आबांना विमानातली चुकीची खिडकी मी सांगितली. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील.

लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठजींचा बंगला होता. मी तिथला कारभारी आणि आबा माळी. रोप लावायचं असो की बाक मांडायचा, आबा कमरेवर हात ठेवून आधी विचारत, "तोंड कुनीकडं?" ते ठरल्याशिवाय कुदळ उचलत नसत. एकदा मी वैतागलो, "आबा, गुलाबाला कसलं आलंय तोंड?"

"तुमाला हाय न्हवं? मग त्यालाबी आसंल."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो आणि मुकाट्याने बाजू ठरवून देतो.

साठ सालानंतरची गोष्ट. शेठजींच्या मुलीचं लग्न निघालं. तिला आबांनी खांद्यावर घेऊन बाग दाखवलेली. तिने हट्टाने आबांना पुण्याहून मुंबईचं विमानाचं तिकीट पाठवलं.

आबांची वाडी लोहगडाच्या पाठीमागच्या उतारावर. राब भाजायचे दिवस होते. भाताची रोपं जिथे वाढवायची, त्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. धुराचे लोट उठतात. वाडीने ठरवलं, आबांचं विमान जाईल त्या सकाळी सगळ्यांनी एकदम राब पेटवायचे. आबांनी वरून बघून यायचं. त्यांच्या थोरल्या वहिनीने तर बजावलं, "भावजी, माजा धूर वळखा बरं. न्हाईतर जेवायला येऊ नका."

बंगल्यावरच्या नोकरांत विमानात बसलेला मी एकटाच, तेही एकदाच, शेठजी-शेठाणींबरोबर मुंबईहून पुण्याला. आबांनी विचारलं, "कारभारी, कंच्या अंगाला बसू?"

"उजव्या. पंखाच्या मागची खिडकी धरा, म्हणजे पंख आड येत नाही."

"पर तुमी मुंबईवरनं आलता. मी हितनं जानार. तोंड उलटं न्हाई का व्हनार?"

बरोबरच विचारत होते. पण त्या प्रवासात मी बाहेर पाहिलंच नव्हतं. कागदी पिशवीत तोंड घालून ओकत होतो. 'ते बघा उजवीकडे आपलं लोणावळं,' एवढं शेठाणींचं बोलणं कानावर पडलं होतं. ते सांगायची लाज वाटली. म्हणालो, "आबा, विमानाला उजवं ते उजवंच. बैलगाडी आहे का ती?"

आबा उजवीकडे बसले. पंखाच्या मागची खिडकीही मिळाली. वाडी डाव्या अंगाला राहिली आणि मुंबई येईपर्यंत काचेला नाक लावून ते दुसरेच डोंगर बघत राहिले.

परत आल्यावर वाडीने त्यांना घेरलं. आबांना खोटं बोलता येत नसे. "धूर न्हाई दिसला," म्हणाले. राब तर सगळे पेटले होते, पोरांनी विमानही पाहिलं होतं. मग वाडीने एकच अर्थ काढला. "आबा इमानात बसलंच न्हाई. यष्टीनं गेलं आन् यष्टीनं आलं."

पुढे जो भेटेल तो विचारी, "काय आबा, इमान कुटं बांधलंय?" हळूहळू आबांचं सणालाही वाडीवर जाणं कमी झालं. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. एकदा आपणहून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या कारभारी. माजंच डोळं कच्चं." तेव्हाही मी झारीत पाणी भरायचं निमित्त करून उठलो.

काही वर्षांनी पाठ धरली म्हणून आबांनी अखेर काम सोडलं. त्यांची वळकटी घेऊन मी वाडीवर पोहोचवायला गेलो. पडवीत माणसं जमली. कोणीतरी म्हणालंच, "आबा, आज तरी इमानानं आला का?" सगळे हसले. आबाही हसले, पण खाली बघून.

मी उभा राहिलो आणि पिशवीपासून सगळं सांगितलं. ओकण्याचं ऐकून पोरं खिदळली. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. कपबशी हातातच ठेवून म्हणाल्या, "आन् इतकी वर्सं तोंड शिवलं व्हतं का तुमचं?"

मी आबांच्या पायांशी वाकलो. आबा पाय मागे घ्यायला लागले, "आवं कारभारी, ह्ये काय..." मी ते धरून ठेवले.

"मला ठाऊक होतं, आबा. तुम्ही खरं बोलत होतात. मला माफ करा."