दिघ्यांच्या गाडीचा पडदा

एका बिल्डिंगमध्ये पंधरा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दारात चपला साठतात तसे ते साठत जातात. आमच्या उमेळ्याच्या बिल्डिंगमधले माझ्या वाट्याचे किस्से मात्र सगळे एकाच वस्तूभोवती जमलेत: शेजारच्या दिघ्यांच्या गाडीचा मागचा पडदा! त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

*

गाडी आली तेव्हा आमच्या विंगमध्ये फक्त दोन स्कूटर होत्या. त्यातली एक माझी. दिघ्यांची गाडी सेकंड हँड, पण चकाचक. त्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि मागच्या सीटमागच्या फळीतून एक काळी जाळी वर ओढून काचेच्या वरच्या हुकाला अडकवली. काचेला झक्क पडदा! हुकातून काढला की सर्रकन आपोआप आत!

"अय्या!" बायका एकदम म्हणाल्या.

मी म्हटलं, "माझी स्कूटर आंब्याखाली लावली की तिलाही सावली असते."

कोणी हसलं नाही. घरी आल्यावर माझी बायको सुनीता म्हणाली, "त्यांच्या गाडीलासुद्धा पडदा आहे. आपल्या हॉलला अजून नाही!"

*

पुढच्याच महिन्यात नायगावला लग्न होतं. "चला हो साळवी, गाडीतून जाऊ," दिघे म्हणाले. नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण सुनीता आधीच जाऊन बसली होती.

परत येताना ऊन पाठीवर. दिघे गाडी चालवता चालवता म्हणाले, "पडदा लावा ना. हळू हं, नाजूक आहे." मी मागच्या सीटवरून वळून हात लावला. "सरळ ओढा हं." मी ओढायला लागलो. "वाकडा नका ओढू हं!"

तिसऱ्या 'हं'ला माझं डोकं फिरलं. मी ओढला. जरा वाकडा आणि जरा जास्तच. कट्ट! जाळी एका बाजूने फाटली आणि अख्खा पडदा ओल्या टॉवेलसारखा माझ्या हातात आला.

"आधीपासूनच सैल होता वाटतं," मी म्हणालो.

"असेल, असेल. जुनी गाडी आहे," दिघे म्हणाले. इतक्या चांगुलपणाने म्हणाले की मला त्यांचाच राग आला. सुनीता बाहेर बघत होती. घर येईपर्यंत बाहेरच बघत होती.

*

गॅरेजवाला म्हणाला, हा पार्ट मिळत नाही. दिघ्यांनी ठरवलं, घरीच दुरुस्त करायचा.

आता आमच्या बिल्डिंगमधले मिक्सर, इस्त्र्या, बेल, सगळं मीच उघडतो. सातिवलीला पंपांच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे मी! रविवारी सकाळी अंघोळ करून, स्क्रू ड्रायव्हरचा सेट टेबलावर मांडून बोलावण्याची वाट बघत बसलो.

दिघ्यांनी ग्रेगरीकाकांना बोलावलं! काका मागच्या वाडीतले. आयुष्य बोटींच्या इंजिनांत गेलेलं, आता रिटायर. गॅलरीतून बघतो तर दोघांनी मागची सीट बाहेर काढून चक्क पार्किंगमध्ये ठेवलेली, आणि काका तिच्यावर बसून चहा पितायत!

"जा ना खाली," सुनीता म्हणाली.

"बोलावल्याशिवाय मी कशाला जाऊ?"

दहा मिनिटांनी मी कचऱ्याचा डबा घेऊन खाली गेलो. डबा रिकामा होता.

*

खाली, पडदा ज्यावर गुंडाळतो तो रूळ बाहेर निघाला होता. त्याच्या पोटात स्प्रिंग. तिला पीळ दिलेला असतो, म्हणून पडदा आत जातो. काका सांगत होते, "दिघे, टोक घट्ट धर. सुटला तर सगला पीळ जाएल."

त्याच क्षणी मी मागून म्हणालो, "काय चाललंय?"

दिघे वळले. फर्रर्रर्र! रूळ हातातल्या हातात भिंगरीसारखा फिरला आणि गप्प झाला.

"झाला," काका म्हणाले. "आता किती फेरे होते, कोन सांगनार?"

"बारा," मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं. पण सुपरवायझरने गप्प बसायचं नसतं.

त्यांनी बिचाऱ्यांनी बारा फेरे दिले, फाटक्या जाळीसकट रूळ बसवला आणि पडदा ओढून सोडला. तो असा सणसणत आत गेला की वरची पट्टी दिघ्यांच्या अंगठ्यावर बसली!

"बारा सांगितला तो कुटं गेला?" काकांचा आवाज आला.

मी दुसऱ्या मजल्यावर पोचलो होतो.

*

जाळी शिवायला दिघे आमच्याकडेच आले. "वहिनी, तुमचं मशीन आहे ना?" अंगठ्याला बँडेज.

संध्याकाळी बघतो तर सुनीता गाणं गुणगुणत दिघ्यांचा पडदा शिवतेय. "आपल्या हॉलच्या पडद्यांना वेळ नाही, आणि यांचा लगेच?" मी म्हणालो.

"त्यांनी कापड आणून दिलंय," तिने मान वर केली नाही. "तुम्ही दिलंय?"

*

दोन दिवसांनी दिघे गाडीच्या मागच्या काचेला जुनी चादर बांधताना दिसले; शिवलेला पडदा अजून बसवायचा होता. दिघ्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. हिरवा गॉगल लावून, पदर कपाळावर ओढून आजी मागे बसल्या होत्या.

"डॉक्टर दर आठवड्याला बोलावतात. उजेड सोसत नाही तिला," दिघे म्हणाले. "पडदा बघूनच तर ही गाडी घेतली."

मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रेगरीकाकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "काका, शिकवा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारा?"

"नाही. तुम्ही सांगाल तितके."

पार्किंगमध्ये शिवलेली जाळी रुळावर चढवून पाच फेऱ्यांपासून सुरुवात केली. पडदा अर्ध्यावर थांबला. सहा, सात, आठ. प्रत्येक वेळी रूळ काढायचा, एक फेरा द्यायचा, टोकाच्या भोकात खिळा घालून पीळ अडवायचा, पुन्हा बसवायचा. नवव्या फेऱ्याला पडदा मांजरीसारखा अलगद आत गेला. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सुपरवायझर झालो तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

दिघे खाली आले. मी सगळं ओकून टाकलं. "पडदा सैल नव्हता हो. मीच तोडला. मुद्दाम."

"माहीत आहे," दिघे म्हणाले. "आरशात दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्ही बोलाल."

*

आणि आता पुढच्या आठवड्यातला, शेवटचा किस्सा. आजींना पुन्हा डॉक्टरकडे न्यायचं होतं. निघताना खाली सगळी बिल्डिंग जमलेली. सुनीता, ग्रेगरीकाका, पहिल्या मजल्यावरच्या दोघी-तिघी. आजी नवी इरकल नेसून मागे बसल्या. मी पुढे झालो, सर्वांसमोर पडदा सरळ वर ओढला आणि हुकाला अडकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! दिघ्यांनी गाडी सुरू केली.

फाटकापर्यंत गेली आणि थांबली. काच खाली झाली. आजींचा हात बाहेर आला, मला बोलावत होता. मी धावत गेलो. वाटलं, आशीर्वाद देणार.

आजींनी गॉगल कपाळावर चढवला होता.

"साळवी," त्या हळूच म्हणाल्या, "फाटकाबाहेर पडेपर्यंत तो पडदा जरा खाली कर बाबा. कोण कोण जळतंय ते मला दिसत नाहीये!"