गावकीचं पातेलं कोणाचं?

मागच्या रविवारी मी इथे मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, सारखं विकत घेणं सोडा, वाटून वापरा. दाखला आमच्या माणगावजवळच्या गावचा. इथे मोठी पातेली, पराती गावकीच्या मालकीच्या. कार्य असलं की न्यायची, घासून परत ठेवायची. तुम्ही भरभरून लाइक दिलेत.

आज सकाळी शेजारच्या सरिताताई आल्या. लातूरकडच्या, नवरा कारखान्यात, इथे भाड्याने राहतात. उद्या मुलीचं बारसं. "भाऊ, तुमची पोस्ट वाचली. एक मोठं पातेलं मिळेल का?"

मी त्यांना थेट दामूकाकांकडे नेलं. भांड्यांच्या खोलीची चावी त्यांच्याकडे असते.

काका मलाच म्हणाले, "ही गावकीत हाय का? न्हाय ना? मग न्हाय मिळायचं."

"माझ्या नावावर द्या."

"तुझ्या घरात कार्य हाय? वैशाखात पोरीचं लगीन हाय ना तुझ्या? तेव्हा मागायला येशील."

मी सरिताताईंना घेऊन परत फिरलो. वैशाखात मला तीच भांडी लागणार आहेत.

दुपारी सरिताताई माणगावहून नवंकोरं पातेलं रिक्षात घालून घेऊन आल्या. हसत म्हणाल्या, "दुकानदाराने काहीच विचारलं नाही, भाऊ. कुठली, कोणाची, काही नाही."

तेव्हापासून दुकानांपेक्षा मला माझ्याच पोस्टचा जास्त संशय येतोय.

तुमच्याकडेही वाटून वापरतात म्हणता ना? खरं सांगा, नक्की कोणाकोणात?