हुरड्याच्या दिवशी फोन माझ्याकडे

माझी मुलगी सोलापुरात डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. सलग ड्युट्या संपवून स्कूटीवरून शुक्रवार पेठेतल्या घरी येताना तिला डुलकी लागली. ती घरी पोचली नाही. शोकसभेत तिच्या वरिष्ठांनी तिच्या सेवाभावाचं कौतुक केलं. मी त्यांचे आभार मानले नाहीत.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तिच्या विभागातली शिकाऊ डॉक्टर मुलं एक दिवस मोहोळजवळच्या आमच्या शेतात येतात. कागदोपत्री हे 'मनोबल शिबिर' असतं. एकदा कॉलेजनं ताणतणावावर बोलायला एक वक्ते पाठवले होते. मी त्यांना पोटभर हुरडा खाऊ घातला, बोलू मात्र दिलं नाही.

ही मुलं उभ्यानं खातात. वॉर्डातली सवय. आगटीत भाजलेली कणसं चोळून देणाऱ्या शेजारच्या मावशी यंदाही ओरडल्या, "बसा की, पोरांनो! बैलसुदा बसून रवंथ करतोय."

सगळी हसत बसली. पहिल्या वर्षाची एक मुलगी तेवढी उभी राहिली, हातात युनिटचा फोन घेऊन. तो सर्वांत धाकट्या डॉक्टरनं सांभाळायचा, पहिल्या रिंगला उचलायचा, असा त्यांचा रिवाज. आज पेशंट दुसऱ्या युनिटकडे होते, तरीही.

मी हात पुढे केला. "दे इकडं. पेशंटचं काही असलं तर उठवीन."

"मी झोपलेय कुठं, काका?"

"झोपशील."

लिंबाखाली सतरंजीवर ती झोपली, मुठीत हुरडा तसाच. थोड्या वेळानं फोन वाजला. तिचे सर होते.

"ती झोपलीय," मी म्हणालो.

"उठवा. उद्याचं प्रेझेंटेशन कुठं ठेवलंय ते विचारायचंय."

"नाही उठवणार."

"आपण कोण?"

मी माझ्या मुलीचं नाव सांगितलं. मग ते म्हणाले, "असं असेल तर पुढच्या वर्षी शिबिराला परवानगी मिळणार नाही."

"रजा काढून येतील. शेत माझं आहे."

उन्हं कलल्यावर ती दचकून उठली, सतरंजीवर फोन चाचपू लागली. तिचा सीनियर म्हणाला, "काकांनी सरांना उडवून लावलं. उद्या आपलं सामूहिक पोस्टमॉर्टम."

तिचा चेहरा उतरला. मग तिनं मुठीतला गार हुरडा पाहिला.

"मावशी, गरम आहे का अजून?" तिनं विचारलं, आणि आगटीपाशी मांडी घालून बसली.

फोन मी खिशातच ठेवला.